देवामागची पत्रं

आमच्या घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट. दादानं सातवीत शाळा सोडून सायकलचं दुकान धरलं, वहिनींनी हॉस्टेलवर चार वर्षं फराळाचे डबे पाठवले, तेव्हा कुठे मी इंजिनिअर झालो आणि मिशिगनला आलो. त्याचा मला अभिमान होता. त्या अभिमानानंच घात केला. तिथल्या नोव्हाय गावातल्या घरी किचनच्या कपाटात देव होते, रोज उदबत्ती लागायची, पण हात जोडले की डोक्यात दादाशी भांडण सुरू व्हायचं. देव ऐकतो की नाही, याचीही शंका यायला लागली होती.

चौऱ्याऐंशीत आमचे वडील, अण्णा, गेले. दोन महिने अंथरुणावर होते. मला तार आली ती तेराव्यानंतर. मी फोन करून दादाला म्हणालो, "माझ्या लेखी तूही गेलास." नंतर त्याची निळी एअरोग्रामं, कागदाचीच घडी चिकटवून पाठवायची परदेशी टपालाची पत्रं, येत राहिली, मी उघडली नाहीत. आत वर 'श्री' लिहिलेलं असणार, म्हणून कचऱ्यातही टाकवेनात. देवांच्या मागे सरकवून ठेवली. बायकोनं विषय काढला की मी गाडीची किल्ली उचलायचो. पाच पत्रं झाली आणि थांबली. मला वाटलं, बरं झालं.

तोवर माझी झोप उडाली होती. मीटिंगमध्ये छाती धडधडायची. डॉक्टर म्हणाले, हार्ट उत्तम आहे, मनावर काही ओझं आहे का? मला तो अपमान वाटला. कष्टानं वर आलेल्या माणसाचं मन कच्चं कसं असेल?

सत्त्याऐंशीच्या गणपतीत रविवारी दुपारी घरी आरती होती. एका मित्रासोबत त्याच्या सासूबाई आल्या होत्या, नागपूरच्या; आधी कधी भेटल्या नव्हत्या, नंतरही नाहीत. कापूर शोधताना त्यांच्या हाताला ती पत्रं लागली.

"काय हो, ही बंद पत्रं देवामागे कशाला?"

"वाचायची राहिलीत, काकू."

"मग देवाला दिलीत का वाचायला? चष्मा तरी द्यायचा त्याला."

सगळे हसले, मीही हसलो. काकू हसल्या नाहीत. पत्रं माझ्या हातात देत म्हणाल्या, "कुणीतरी बसून एवढं लिहिलंय. आधी वाचा, मग खुशाल रागवा."

पाहुणे गेल्यावर टेबलाशी बसून एकेक कडा सुरीनं कापली. पहिल्या पत्रात दादानं लिहिलं होतं, अण्णांनीच शपथ घातली होती, पोराची नोकरी नवी आहे, कळवू नकोस. दुसरं, तिसरं नुसत्या खुशालीचं. चौथ्यात, 'तुझी वहिनी फार आजारी आहे. मागची चूक पुन्हा नको म्हणून आधी कळवतो. येऊन जा, तुझं नाव काढते.' पाचव्यावर 'श्री' नव्हतं. आमच्याकडे मरणाच्या पत्रावर 'श्री' लिहीत नाहीत. देवामागे ठेवण्याचं एकमेव कारण, तेच त्या पत्रावर नव्हतं. खाली दोनच ओळी होत्या.

दुसऱ्या दिवशी दादाच्या शेजारच्या औषधाच्या दुकानात फोन लावला. त्यांनी हाक मारून त्याला आणलं.

"बोल," दादा म्हणाला. "जेवलास का?"

मी म्हणालो, "पत्रं काल उघडली."

"वाटलंच होतं मला. वाचली असतीस तर भांडायला तरी लिहिलं असतंस." मग म्हणाला, "हिनं मनात काही ठेवलं नव्हतं. मीही ठेवलेलं नाही. आता तू सोड."

त्या आठवड्यात पहिल्यांदा सलग झोपलो. छातीची धडधड हळूहळू गेली. माफ करायचं की नाही हे माझ्या हातात आहे, असं मी तीन वर्षं समजत होतो. खरं तर माफी मलाच हवी होती, आणि ती आधीच लिहून, घडी घालून, माझ्याच देवांमागे पडून होती. काकूंना कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. रोज हात जोडतो. दादाचं पत्र आलं की मेलबॉक्सपाशी उभ्यानंच वाचतो. वहिनींचं मात्र राहून गेलं. त्यांना काय सांगायचं ते देवाच्या पायाशी ठेवतो, आणि पोचलं का, म्हणून विचारत नाही.