मिश्रीची खडीसाखर
आमच्या गावी, कुरवंड्यात, कुणी मिश्रीसाठी तव्यावर तंबाखू भाजायला घेतली, की त्या करपट वासानं माझं डोकं आजही फिरतं. एकदा बँकॉकहून रात्रभर रेल्वेनं प्रवास करून आत्या आणि मी मलेशियाच्या सरहद्दीवर उतरलो. तपासणीत आत्याच्या पिशवीतून दातांना लावायच्या मिश्रीची डबी निघाली. “मिश्री हाय,” आत्या म्हणाली. रांगेत आमच्या मागे उभ्या असलेल्या हिंदी बोलणाऱ्या गृहस्थांनी, कुणी विचारलं नसताना, इंग्रजीत सांगून टाकलं, “खडीसाखर!” त्यांच्याकडे मिश्री म्हणजे तीच. डबीत मात्र काळी भुकटी! मी ‘तंबाखू आहे हो’ म्हणून ओरडत राहिले, तरी तपासणाऱ्या साहेबानं आत्याला बाजूला उभं केलं, आणि ते गृहस्थ बॅग ओढत निघूनही गेले. “साखर त्यो म्हनला, आन् खोटारडी मी व्हय?” आत्यानं मला विचारलं. आता कुणी आगाऊपणे आमच्या वतीनं बोलू लागलं, की मी त्याला वाक्य पुरं करू देत नाही.