काकूंनी बसवलेले ब्रेक

"दाब. धरून ठेव. सोड."

मोटारीखालून काकूंचा आवाज यायचा आणि मी स्टिअरिंगमागे बसून ब्रेकचं पेडल दाबायची, धरून ठेवायची, सोडायची. काकूंचे फक्त पाय बाहेर दिसायचे. टाचा ग्रीसनं काळ्या झालेल्या, बोटांत चांदीची जोडवी. माझं लक्ष जरा इकडेतिकडे गेलं की खालून विचारणा व्हायची, "मास्तरीण, झोपली काय?"

मी तेव्हा अमरावतीत मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि राजापेठेत एका वकिलांच्या घरी मागची खोली भाड्यानं घेऊन राहत होते. काकू म्हणजे त्या वकिलांच्या पत्नी. अशी एखादी बाई तुमच्याही पाहण्यात असेल, जिला घरात काही बिघडलेलं असलं की घास गोड लागत नाही. शेजारपाजारची शिवणयंत्रं, स्टोव्ह, अडकलेली कुलपं काकूंच्या ओसरीवर यायची आणि नीट होऊन परत जायची. फक्त मोटारीला हात लावायची त्यांना मनाई होती. मोटार वकीलसाहेबांची होती.

ती दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची काळी विलायती गाडी. ब्रेक जुन्या तऱ्हेचे, सायकलला असतात तसे. पेडल दाबलं की दांड्या आणि तारा ओढल्या जायच्या आणि चाकं आपापल्या मर्जीनं थांबायची. वकीलसाहेब कोर्टाच्या बरंच अलीकडे पेडल दाबायला सुरुवात करत आणि उरलेलं काम हॉर्नवर सोपवत. हॉर्न वाजला की माणसं ओट्यावर चढत, गाईसुद्धा रस्ता सोडत. "सभ्य गाडी आहे. कुणाला दचकवून थांबत नाही," असं ते कौतुकानं सांगत.

काकूंची एकुलती एक लेक चिखलदऱ्याला होती. जावई जंगलखात्यात. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं, पण तिला आणायचं कसं, हा प्रश्न पडला. बसमध्ये घाटाच्या वळणांनी तिचे हाल व्हायचे. मागच्या खेपेला तिला घाटाखालच्या परतवाड्यात उतरवून एका अनोळखी घराच्या पडवीत निजवावं लागलं होतं. मोटारीनं आणावं, तर आदल्या उन्हाळ्यात तोच घाट उतरताना वकीलसाहेबांनी दोनदा गाडी डोंगराच्या कडेला घासून थांबवली होती. मडगार्डवरचे ओरखडे अजून ताजे होते.

पोळ्या लाटता लाटता काकूंनी विषय काढला.

"लेकीले मोटारीनंच आनाचं हाय. पन ह्या ब्रेकांवर मी तिले बसू देनार नाई."

"मग नवी मोटार घेऊ का आता?" वकीलसाहेबांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"मोटार राहू द्या. ब्रेक बदलते मी."

वकीलसाहेब हसले. काकू हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या बसनं अकोल्याला, आपल्या माहेरी गेल्या.

अकोल्याला त्यांच्या भावाचा मोटारदुरुस्तीचा कारखाना होता. पातूरच्या रस्त्याला उलटलेली एक गाडी त्याच्या आवारात पडून होती. आमच्या गाडीच्याच कंपनीची, पण नंतर निघालेली आणि मोठी. तिचे ब्रेक तेलाचे होते. भाऊ म्हणाला, "बाई, गाडी इकडंच पाठव, मी बसवून देतो." काकू म्हणाल्या, "त्या ब्रेकांवर ती अकोल्यापर्यंत येईल कशी?" काकू परतल्या त्या बसच्या टपावर त्या ब्रेकांच्या सुट्या भागांची जड पोती चढवूनच.

"काकू, हे तुम्हाला जमेल?" मी भीत भीत विचारलं.

"माहा बाप अकोल्याच्या प्रेसमदे फिटर होता. पान्याच्या दाबानं कापसाची गाठ बांधतात तिथं. नळीतलं एवढुसं पानी केवढी गाठ आवळते, ते मी त्याचा डबा न्यायची तवा रोज पाह्यलं. इथं पान्याच्या जागी तेल आन गाठीच्या जागी चाक."

अंगणातल्या कडुलिंबाखाली गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढली. चाकं निघाली, दांड्या निघाल्या. काकू लुगड्याचा काष्टा आवळून खाली शिरत आणि स्वयंपाकाच्या वेळेलाच बाहेर येत. वकीलसाहेब सायकलरिक्षानं कोर्टात जाऊ लागले. संध्याकाळी ते अंगणात लांबच उभे राहून विचारत, "हे सगळं परत बसेल ना?"

"बसेल."

कंपनी एकच असल्यानं चाकांवरचा बराचसा भाग चपखल बसला. तेलाच्या मुख्य डब्याला मात्र या गाडीत जागाच नव्हती. काकूंनी मोडक्या लोखंडी पलंगाचा एक अँगल करवतीनं कापला, भोकं पाडली आणि त्यावर डबा पक्का केला. तेल अडवणाऱ्या रबरी वाट्या भावानं नव्या पाठवल्या. नळ्या जोडल्या, तेल भरलं.

आता नळ्यांतली हवा तेवढी काढायची होती. मी वर पेडल दाबायचं, काकूंनी खाली चाकाजवळचा स्क्रू ढिला करून हवा सोडायची. दोन दिवस आम्ही तेच केलं. पेडल तरीही माझ्या पायाखाली कणकेसारखं मऊच. दुसऱ्या संध्याकाळी वकीलसाहेब हळूच म्हणाले, "बसचं बघून ठेवू का?"  काकू हात न धुताच पायरीवर बसून राहिल्या.

सकाळी त्या बाटलीत गोडं तेल ओतत होत्या. बाटलीत एक बुडबुडा सावकाश वर चढला. काकूंनी बाटली तिथंच ठेवली आणि मोटारीकडे गेल्या. मीही मागोमाग गेले. पुढच्या चाकांचे उजवे-डावे भाग त्यांच्याकडून उलटसुलट बसले होते, त्यामुळे हवा सोडायचा स्क्रू खालच्या बाजूला आला होता.

"हवा वर जाऊन बसली हाय, आन मी तिले खालून बोलावून राहिली," त्या म्हणाल्या, आणि स्वतःशीच खुदकन हसल्या.

दुपारपर्यंत भागांची अदलाबदल झाली. मी पेडल दाबलं, तर ते अर्ध्यावर असं घट्ट थांबलं की माझाच पाय दुखला.

चिखलदऱ्याला वकीलसाहेबांनी गाडी नेली, काकू पुढे त्यांच्या शेजारी. लेकीला मागे धरून बसायला म्हणून मीही होते. उतरताना एका वळणावर बांबूंनी भरलेली बैलगाडी रस्ता अडवून आडवी उभी. वकीलसाहेबांचा हात सवयीनं हॉर्नकडे गेला.

"ब्रेक," काकू शांतपणे म्हणाल्या.

गाडी सरळ रेषेत, जागच्या जागी उभी राहिली. फराळाचा डबा सीटवरून खाली आला. माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलेल्या लेकीनं डोळे उघडून विचारलं, "परतवाडं आलं काय?"

वकीलसाहेब उतरले. गाडीभोवती फिरून त्यांनी प्रत्येक चाक पाहिलं. मग काकूंच्या बाजूचं दार उघडून, न्यायाधीशांशी बोलावं तशा स्वरात म्हणाले, "आपण जरा उतरता का? पाय मोकळे होतील."

"उतरून काय करू? लेक थकून राहिली. चला."

नात झाली, गोरीपान आणि भलतीच रडकी. वकीलसाहेब बाररूममध्ये त्या घाटाची हकिकत रंगवून सांगू लागले, आणि प्रत्येक वेळी ती बैलगाडी थोडी अधिक जवळ येत गेली. इतर वकिलांच्या गाड्याही मग आमच्या फाटकाशी थांबायला लागल्या. "लेकीसाठी केलं. दुकान नाई मांडलं मी," असं काकू म्हणायच्या आणि बोलता बोलता खाली वाकून गाडीचं पोट पाहायच्या.

पुढे वकीलसाहेब गेले. मोटार एका संत्र्यांच्या व्यापाऱ्यानं घेतली. जावयाची बदली चांद्याला झाली होती, काकू तिकडे राहायला निघाल्या. मी त्यांना बडनेऱ्याच्या स्टेशनवर पोचवायला गेले. खिडकीपाशी उभी राहून मी पत्र पाठवा, तब्येत सांभाळा, असलं काहीबाही बोलत होते. इतक्यात रेल्वेचा एक माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन, कुठे तडा नाही ना हे आवाजावरून ओळखायला, डब्यांची चाकं ठोकून पाहत आला. काकूंनी हात वर करून मला गप्प केलं. त्यांच्या डब्याखाली ठण्ण असा आवाज झाला, मग पुढच्या डब्याखाली, मग त्याच्याही पुढच्या. गजांना कान लावून त्या एकेक आवाज ऐकत होत्या. शिटी झाली, गाडी हलली, तरी त्यांचं तोंड पुढच्या डब्यांकडेच.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. माझे निरोपाचे शब्द त्यांच्या कानावर पडलेच नसणार, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. चाकं सगळी नीट वाजत होती.