करोल बागेतलं लपवलेलं बाळ

नवी दिल्लीला उतरले तेव्हा फेब्रुवारीची थंडी माझ्या सांगलीच्या शालीला मुळीच जुमानेना. धाकटा भाऊ आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. त्याची बायको सुमन शाळेत शिकवते, पण या दिवसांत तिला जनगणनेची ड्यूटी लागली होती.

"ताई, उद्या माझ्याबरोबर करोल बागेत चला ना. लोकांच्या घरात शिरून दिल्ली बघाल," ती म्हणाली. मला तेच हवं होतं.

सकाळी गप्पांच्या नादात आमचा बसस्टॉप मागे गेला, तेव्हा कापडदुकानांच्या गर्दीतून उलटं चालत यावं लागलं. गल्लीत मात्र आगतस्वागत छान. एका घरी कांजी (काळ्या गाजरांचं, मोहरी घालून आंबवलेलं पेय) मिळाली. पहिल्या घोटाला नाकात झिणझिण्या आल्या, तरी दुसरा पेला मी मागून घेतला.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारात मात्र एक पंजाबी आजी आडवा हात धरून उभ्या राहिल्या. मागे त्यांची सून, डोक्यावरून ओढणी घेतलेली.

"मैं, बेटा, बहू. बस तीन," आजी म्हणाल्या.

तेवढ्यात आतून तान्हं बाळ रडलं. सून आत धावली. आजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"बीजी (पंजाबी घरात आईला, आजीला अशी हाक मारतात), बाळालाही मोजतात," सुमन हिंदीत हळूच म्हणाली.

"नहीं! गिनने से नज़र लगती है (मोजलं की दृष्ट लागते). दो गए हमारे. इसे मत लिख."

दोन बाळं गेली होती. मला वाटलं, सुमनने तीन लिहून निघावं. पण ती तिथेच पायरीवर बसली.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी जबरदस्ती नाही करणार," ती म्हणाली. "पण हे बाळ आहे ना, बीजी? मग ते नाही असं मी कसं लिहू?"

आजींनी विचारलं, "सगळ्या देशाची बाळं लिहिणार?"

"सगळ्यांची. डोंगरातली, समुद्राकाठची, या ताईंच्या गावातलीसुद्धा."

"करोड़ों में?"

"करोड़ों में."

आजींचा आडवा हात हळूहळू खाली आला. "फिर तो नज़र को भी ढूँढना पड़ेगा (मग दृष्टीलाही आमचं बाळ शोधत बसावं लागेल)," त्या म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या.

सून बाळाला घेऊन आली. कपाळावर काजळाचा हा एवढा ठिपका. सुमनने नाव विचारलं. आजी म्हणाल्या, "अभी रखा नहीं."

"किरण," सून म्हणाली. आम्ही आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. आजींनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मग बाळाकडे वाकून त्यांनी ते नाव स्वतः उच्चारून पाहिलं. एकदा, आणि पुन्हा एकदा.

जिना उतरताना सुमनचे डोळे भरले होते. "चलो ताई, अजून पुष्कळ घरं आहेत," एवढंच ती बोलली.

आठवड्याने मी परतीच्या गाडीत बसले. देशाची लोकसंख्या मला आजवर शाळेत पाठ करायचा आकडा वाटायची. यंदाचा आकडा छापून येईल, तेव्हा त्यातला एक, फक्त एक, वाढवायला करोल बागेतल्या एका आजीला केवढा धीर करावा लागला, हे मला ठाऊक असेल.