तेवीस दिवस कुणाचे

जिची ही गोष्ट आहे ती माझी सख्खी धाकटी बहीण. पाठचीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हा रंगारी एवढी कुणाची टिमकी वाजवतोय. माझ्याच रक्ताची वाजवतोय, आणि हात दुखेपर्यंत वाजवणार आहे.

घरात तिला मुंगी म्हणतात. अंगापिंडानं तेवढीच, पण उचलते स्वतःच्या दसपट. मी सातवीत शाळेला रामराम ठोकला. ती लग्नानंतर, मूल कडेवर घेऊन बारावी पास झाली. गणवेश शिवायच्या कारखान्यात नऊ वर्षं मशीनवर बसली. तिथं शेजारच्या मशीनवरची बाई एके दिवशी रडायला लागली ती थांबेचना. मुकादम म्हणाला, "नाटकं आहेत सगळी." मुंगीनं आपली मशीन बंद केली, बाईला हाताला धरलं आणि चौकातल्या केंद्रात नेलं. मनाचे आजार आणि व्यसन, दोन्हींवर तिथं उपचार होतात. मग पाच महिने दर मंगळवारी नेत राहिली. बाई बरी होऊन कामावर आली, आणि केंद्रातल्या डॉक्टरीणबाई मुंगीला म्हणाल्या, "तुम्ही शिलाई कशाला करताय? इकडं या." तिनं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं, आणि आता ती घरभेटी करते. पेशंटच्या घरी जायचं, घरच्यांशी बोलायचं. कारण बाटली एकटा उचलतो, पण ओझं सगळं घर वाहतं. हे वाक्य तिचं आहे. माझं असतं तर पहिल्याच ओळीत घातलं असतं.

तिची एक पद्धत आहे, ती कुठल्या पुस्तकात नाही. घरात शिरलं की आधी पाणी मागते. तहान असो नसो. पाणी आणायला कोण उठतं ते बघते. ज्याला न सांगता उठायची सवय, त्याच्या खांद्यावर ते घर. पिणाऱ्याशी सगळेच बोलतात. मुंगी रिकामा ग्लास घेऊन त्या उठणाऱ्याच्या मागं स्वयंपाकघरात जाते.

आता पुढचं मला तिनं सांगितलेलं नाही. लोकांच्या घरातलं ती आपल्या घरी आणत नाही, जीव गेला तरी. ज्याचं त्यानंच मला सांगितलं, आणि वर म्हणाला, "लिही बिनधास्त." तो लिफ्टचा मेकॅनिक. मी रंगवतो त्या इमारतींत त्याची ये-जा असते.

हा लिफ्टवाला सहा वर्षं पीत होता. केंद्रात राहून घरी परतला त्याला मुंगी घरभेटीला गेली त्या गुरुवारी बावीस दिवस झाले होते, आणि बावीसच्या बावीस कोरडे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दाराशी त्याची पान्यांची पिशवी, आत बायको त्याच्या कामाच्या शर्टाला इस्त्री करत होती. मुंगीला बघून तो म्हणाला, "ताई, बावीस! लिफ्ट नुसती वर वर चाललीय."

"मध्येच अडकली नाही म्हणजे मिळवली," बायको इस्त्रीवरची नजर न काढता म्हणाली.

"अडकली तर मेकॅनिक घरातच आहे की! परवा शनिवारी आमच्या फोरमनच्या निवृत्तीची पार्टी. सगळ्यांसमोर एक घोट घेणार आणि ग्लास खाली ठेवणार. बघू दे त्यांना, मला ठेवता येतो."

"तो घोट कशाला हवाय?" मुंगी म्हणाली. "रिकाम्या हातानं जाता येत नाही का?" मग तिनं पाणी मागितलं. उठली ती लिफ्टवाल्याची आई.

स्वयंपाकघरात म्हातारीनं दार लोटून घेतलं. डब्यामागून गोळ्यांची एक पट्टी काढली आणि चोरून खाऊ दाखवावा तशी दाखवली. "पोरी, कुणाला बोलू नकोस. ह्याच्यामुळं सुटलीय त्याची. माझ्या नणंदेच्या नवऱ्याच्या उरल्या होत्या. रोज सकाळी वाटीच्या बुडानं चुरडते नि चहात घालते."

मुंगीनं पट्टी उलटून नाव वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं. ही गोळी पोटात असताना माणूस दारू प्यायला तर तोंड लालबुंद होतं, छातीत धडधडतं, उलट्या होतात, कधीकधी जिवावर बेततं. म्हणून डॉक्टर ती माणसाला समजावून सांगूनच देतात. आणि इथं ज्याच्या पोटात ती जात होती, तो परवा एक घोट घेऊन मर्दुमकी दाखवणार होता.

तिनं तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "गोळी आजच बंद. पण अंगात पंधरा दिवस राहते, तेव्हा त्याला कळायलाच हवं. शनिवारच्या आत."

म्हातारीनं गोळ्या मुकाट्यानं मुंगीच्या हातात दिल्या. सांगायचं म्हटल्यावर मात्र तिनं तोंडाला पदर लावला. "तो माझं तोंड बघणार नाही. तूच सांग ना. तुझं काय जातंय?"

"मी सांगितलं तर ती चुगली, मावशी. तुम्ही सांगितलंत तर कबुली. उद्या संध्याकाळी सहाला मी येते. तुमच्या शेजारी बसते. पण तुम्ही नाही बोललात, तर मला बोलावंच लागेल."

त्या दिवशी ती माझ्याकडं जेवायला आली होती. ताटात नुसती बोटं फिरवत होती. मधेच म्हणाली, "दादा, तुला कुणी न सांगता बरं केलं तर?"

मी म्हणालो, "मग काय, आंधळा मागतो एक डोळा!"

"आणि ते तू स्वतःच्या हिमतीवर केलंस म्हणून गावभर मिरवत असलास तर?"

यावर मी हातातला घास ताटात ठेवला. मिरवण्यातलं मला कळतं. म्हणालो, "मग मी त्या माणसाचं थोबाड बघणार नाही, वर्षभर तरी."

"हं," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

शुक्रवारी सहाला ती हजर. तेविसावा दिवस. लिफ्टवाला नुकताच कामावरून येऊन हात धूत होता. म्हातारी खुर्चीच्या कडेवर बसलेली, जणू ती खुर्ची दुसऱ्याची आहे. मुंगीनं नुसतं तिच्याकडं बघितलं.

"अरे, मी तुझ्या चहात गोळी घालत होते," म्हातारी म्हणाली.

तो हसला. "कसली? साखरेची?"

"दारू सुटायची."

त्यानं हात पुसायचं थांबवलं. बायकोनं विचारलं, "आई, मलासुद्धा नाही सांगितलंत?"

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"पहिला आठवडा सोडून. कालपर्यंत."

"म्हणजे आठवडा माझा. बाकी सगळे तुझे." त्यानं टॉवेल खुर्चीवर टाकला. "आणि मी खुळ्यासारखा बावीस, तेवीस करत नाचतोय! ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"काल कळलं," मुंगी म्हणाली. "आणि ह्यांनी जे केलं ते चुकीचं आहे, धोक्याचं आहे. पण एक ऐका. ही गोळी दारू प्यायची इच्छा मारत नाही."

"म्हणजे?"

"ही गोळी फक्त भीती घालते. घेतलीय हे माहीत असलं की माणूस बाटलीला हात लावायला घाबरतो. तुम्हाला माहीतच नव्हतं, मग भीती कुठली? आणि एखाद्या दिवशी चोरून दारू घेतली असतीत, तर इथंच जमिनीवर लोळला असतात. तुम्ही लोळला नाहीत. तेवीस दिवस तुमचेच आहेत, आणि त्यांची साक्ष ती गोळीच देतेय."

त्यानं ते ऐकलं, पण रागाच्या कानानं. पायात चपला सरकवल्या. म्हातारी रडवेली होऊन उठली, बायको दाराकडं धावली. मुंगी मात्र आडवी गेली नाही. ती त्याला एवढंच म्हणाली, "राग करा, हवं तेवढं भांडा. पण आज नाही, उद्या नाही, पुढचे पंधरा दिवस एक घोटसुद्धा नाही. घाबरवत नाहीये. खरं ते सांगतेय."

तो जिना उतरून गेला. मुंगीनं बायकोला एका कागदावर लिहून दिलं: तोंड लाल झालं, धाप लागली, चक्कर आली, तर कुणाला विचारत न बसता थेट हॉस्पिटल. खाली आपला नंबर घातला. मग म्हातारीचा हात धरून थोडा वेळ बसली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती केंद्राचं शटर उघडायला पोचली, तर पायरीवर लिफ्टवाला आणि त्याची आई. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी. तिनं आधी त्याचं तोंड बघितलं. लाल नव्हतं, डोळे तेवढे तारवटलेले.

"प्यायलो नाही," तो तिनं विचारायच्या आत म्हणाला. "पाय तुटेपर्यंत चाललो. कामावरच्या पोरांना कळवलंय, माझं पोट बिघडलंय, पार्टीला येत नाही. पंधरा दिवस ते बिघडलेलंच राहणार आहे."

"आत या. डॉक्टरीणबाई आल्या की तपासून घेऊ."

"माझं नंतर. आधी हिचा केसपेपर काढा." त्यानं आईकडं न बघताच बोट केलं. "हिच्याशी मी बोलत नाही अजून. पण काल घरी आलो तर ही दाराशी खुर्ची टाकून बसलेली. म्हटलं, आलो ना, आता झोप. तर बायको म्हणते, ह्या रोजच अशा बसतात. तेवीस दिवस मी घरात घोरतोय, तरी ही दाराशी. सहा वर्षं झोपली नाहीये ही बाई."

"मला काय धाड भरलीय?" म्हातारी म्हणाली. "ह्याच्या नादानं आले मी."

मुंगीनं शटर वर ढकललं, टेबलावरून कोरा केसपेपर घेतला आणि म्हातारीला आपल्या समोरच्या खुर्चीत बसवलं. आज पाणी तिनं स्वतः आणून दिलं. वय लिहिलं, पत्ता लिहिला.

"तक्रार काय, मावशी?"

"काही नाही."

मुंगी पेन धरून थांबली. लिफ्टवाला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, तोंड रस्त्याकडं, कान इकडं. म्हातारीनं ग्लास अर्धा संपवला, खाली ठेवला.

"झोप," ती म्हणाली. "झोप लिही."