हणमंतसाहेबाची चूक

माझ्या बायकोला वाटतं, ह्या माणसाच्या पोटात काही म्हणून राहत नाही. कुणाशी वाजलं, कुणी चारचौघांत पाणउतारा केला, सगळं मी घरी येऊन सांगून टाकतो. खरं आहे ते. पण एक गोष्ट तिला ठाऊक नाही. अप्पांना ठाऊक नव्हती, माझ्या पोरांना नाही. जिचा पाय गेला त्या बाईलाही ती कधी कळली नाही. आज तुम्हाला का सांगतोय, ते मला नीट सांगता येणार नाही. वय झालं म्हणून म्हणावं, तर वय होऊनही आता बरीच वर्षं झाली.

आधी हणमंतसाहेबाबद्दल सांगतो. — बघा, मूळ गोष्ट सोडून मी दुसरीकडंच वळलो. पण त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. आम्ही मुरुमचे. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पेठेत किराणा दुकान होतं. घरात कन्नड, दुकानात मराठी. सोलापूरला कॉलेजात काही दिवस काढून आलो होतो, म्हणून मला इंग्रजी येतं अशी गावभर ख्याती. दुष्काळ पडला तसं अप्पांनी मला परत बोलावून घेतलं. त्याच सुमारास ते दोघं अमेरिकन आले. विशीतली पोरं. पांढरे सदरे, काळ्या विजारी, आणि तसल्या उन्हातसुद्धा गळ्यात टाय. मॉर्मन पंथाचे. त्यांच्यात म्हणे तरुण पोरानं घरदार सोडून दोन वर्षं परमुलखात सेवा करायची असते. ह्यांची नेमणूक मद्रासकडची, दुष्काळाच्या कामासाठी इकडं धाडलेले. धर्माचं अवाक्षर काढायचं नाही, फक्त काम करायचं, अशी त्यांना ताकीद होती. आणि मी त्यांचा दुभाष्या.

त्या पंथात ह्या पोरांना एल्डर म्हणतात. एल्डर म्हणजे वडीलधारा. मिसरूड धड न फुटलेला वडीलधारा! त्यातल्या एकाचं नाव एल्डर हॅन्सन. वस्तीवरच्या बायांनी आठवड्याच्या आत त्याचा हणमंत करून टाकला.

हणमंतसाहेब चहा पीत नव्हता. त्यांच्यात चालत नाही. प्रत्येक घरी मला समजावून सांगावं लागायचं, की साहेब रुसलेले नाहीत. मग त्या बाया पाणी पुढं करायच्या. त्या उन्हाळ्यात पाणी देणं चहापेक्षा मोठं होतं, आणि हे त्याला न सांगता कळलं होतं. तांब्या तो दोन्ही हातांनी घ्यायचा.

मुरुमपासून कोसभरावर बौद्धांची वस्ती होती. तिथली विहीर पार आटलेली. ती खोल करायचं काम ह्या दोघांनी अंगावर घेतलं होतं. खाली सुरुंग लावून कातळ फोडायचा आणि दगड यारीनं, म्हणजे हातानं फिरवायच्या रहाटासारख्या यंत्रानं, वर ओढायचे. काम निम्म्यावर आलं तेव्हा हणमंतसाहेबाच्या जोडीदाराला कावीळ झाली, त्याला मद्रासला न्यावं लागलं. त्यांच्या नियमात एकट्यानं राहायला परवानगी नाही, सतत एक सोबती लागतोच. हणमंतसाहेबाचे शेवटचे काही आठवडेच उरले होते, म्हणून वरिष्ठांनी मुभा दिली की दुभाष्याला सोबती धरा. तेव्हापासून कुणी भेटलं की तो माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा, “हा माझा सोबती.”

मी त्याला मराठी शिकवायचो. तो ‘मी जाते’ म्हणाला की मी म्हणायचो, चूक. ‘तो पाणी’ म्हणाला की चूक. दिवसभर आमचं तेच चालायचं. तो हसायचा आणि म्हणायचा, “माझी चूक, माझी चूक.”

घरी जायचं म्हणून तो खुशीत असेल, असं तुम्हाला वाटेल. नव्हता. भ्यालेला होता. एकदा बांधावर बसून म्हणाला, दोन वर्षांत मी एकाही माणसाला आमच्या धर्मात आणू शकलो नाही, घरचे विचारतील, तू तिथं केलंस काय? मग विहिरीकडं बोट करून म्हणाला, हे केलं म्हणून सांगेन. पाणी लागलेलं बघितल्याशिवाय मी हलत नाही.

आता सांगावंच लागेल.

सुरुंग उडवायची रीत ठरलेली होती. भोकांत दारू भरून वाती बसवल्या की वात पेटवणारा सोडून खालची माणसं वर येऊन लांब जायची. हणमंतसाहेब काठावर लाल बावटा घेऊन उभा राहायचा. मी कोरड्या ओढ्याच्या वळणापर्यंत जाऊन वाटेवर नजर टाकायची, कुणी येत असलं तर तिथंच थोपवायचं, आणि परत येऊन ‘मोकळं आहे’ म्हणायचं. मग तो बावटा हलवायचा, आणि वात पेटवणारा ती पेटवून भराभर वर यायचा. वळणापलीकडचं विहिरीवरून दिसत नव्हतं. म्हणून तर मला धाडायचे.

त्या दिवशी मी वळणापर्यंत गेलो नाही.

का गेलो नाही? — इतकी वर्षं मी ह्याला बरं दिसेलसं कारण शोधतोय. चक्कर आली होती, कुणी हाक मारली होती... यातलं काही नव्हतं. ऊन मी म्हणत होतं आणि मला कंटाळा आला. बस्स. वाटेतल्या बाभळीखाली थोडा टेकलो आणि परत फिरलो. हणमंतसाहेबानं विचारलं, “वळणापर्यंत बघितलंस ना?” त्याला रोज विचारायची सवय होती. मी म्हणालो, हो, मोकळं आहे. त्यानं बावटा हलवला.

कौसाबाई त्या वळणावरून येत होती. तिचा नवरा भिवा ह्याच विहिरीवर कामाला होता, ती त्याची भाकरी घेऊन निघालेली. धमाका झाला, दगड उडाले, आणि त्यातला एक तिच्या पायावर आला. किंकाळी ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? बाईचं काय झालं — हे नाही. मला वाटलं, मी मेलो.

माणसं धावली. मीही धावलो. धावलो नाही तर दिसेल, म्हणून धावलो. तिचा पाय घोट्याच्या वर नुसता लोंबत होता. भिवानं तिचं डोकं मांडीवर घेतलेलं, आणि बाकीचे आमच्याकडं वळले. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात घण. कामावरून तसेच आलेले होते, आम्हाला मारायला काही आले नव्हते. हे आज कळतं. तेव्हा मला फक्त पहारी दिसत होत्या. मी दोन्ही हातांनी धोतराचा सोगा घट्ट धरून ठेवला.

“बावटा कुनी हालवला?” कुणीतरी ओरडलं. तो कुणी हलवला हे सगळ्यांनी बघितलं होतं.

हणमंतसाहेब पांढराफटक पडला होता. तो भराभरा इंग्रजीत बोलायला लागला — मी ह्याला विचारलं होतं, हा म्हणाला वाट मोकळी आहे, आधी हिला दवाखान्यात न्या, जीप आणा.

भिवानं वर बघितलं. त्याच्याकडं नाही, माझ्याकडं. “काय म्हनायलेत सायेब?”

आणि मी सांगितलं. आवाज कसा फुटला, ठाऊक नाही. मी म्हणालो —

“साहेब म्हणतात, माझी चूक झाली. ह्याला विचारायचं राहिलं. आधी हिला दवाखान्यात न्या.”

हणमंतसाहेब बोलता बोलता थांबला. त्याला मराठी फार येत नव्हती. पण हे दोन शब्द येत होते. तो माझ्याकडं बघत राहिला, आणि मला वाटलं, आता बोलेल. आत्ता बोलेल. मोडकंतोडकं का होईना, ‘ह्यानं सांगितलं’ एवढं त्याला म्हणता आलं असतं. तो बोलला नाही. वळला, भिवापुढं गुडघे टेकले आणि हात जोडले.

का गप्प राहिला? मला वाचवायला? की त्या गर्दीत त्याचीही वाचा गेली? मला कधीच कळलं नाही. कारण मी कधी विचारलंच नाही.

कौसाबाईला सोलापूरला नेलं. पाय काढावा लागला. फौजदार आले. त्यांच्यासमोरही दुभाष्या मीच, आणि तिथंही मी तेच सांगितलं. त्यांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. घरी अप्पांनी माझ्या तोंडाकडं एकदाच बघितलं आणि म्हणाले, “सुम्मनिरू.” म्हणजे गप्प राहा. त्यांना काय कळलं होतं, देव जाणे. नवा साखर कारखाना उभा राहत होता, तिथं मला कारकुनाची जागा मिळवून द्यायची त्यांची खटपट चालली होती. मी गप्प राहिलो. गप्प राहणं किती सोपं असतं म्हणून सांगू! पहिला दिवस तेवढा अवघड.

इथपर्यंत तुम्ही मला कदाचित माफही कराल. विशीतलं पोर, पहारी घेतलेली माणसं, भ्यालं. मी स्वतःला पुष्कळ दिवस असंच समजावलं. पण एवढ्यावर थांबलं असतं तर मी ही गोष्ट केव्हाच बायकोला सांगितली असती.

काही दिवसांनी मद्रासहून त्यांचे वरिष्ठ आले. केस पिकलेला शांत माणूस. हणमंतसाहेबाला जीपमध्ये बसायला सांगून ते एकटेच आमच्या दुकानात आले. सकाळची वेळ. अप्पा बाहेर गेलेले, दुकानात गिऱ्हाईकही नव्हतं. पहारी नव्हत्या, फौजदार नव्हते. ते इंग्रजीत म्हणाले, “तो सांगतो, बावटा हलवायच्या आधी त्यानं तुला विचारलं होतं आणि तू वाट मोकळी आहे म्हणालास. मला कुणाला शिक्षा करायची नाही. खरं काय ते तुझ्याकडून ऐकायचंय.”

मी म्हणालो, “नाही. त्यानं मला काही विचारलं नाही.”

त्यांनी मान हलवली आणि ते गेले.

तुमच्या ध्यानात येतंय ना, मी काय केलं ते? विहिरीवर मी त्याला निष्काळजी ठरवलं होतं. दुकानात त्याला खोटारडा ठरवला — आणि तेही त्याच्या स्वतःच्या माणसांपुढं. घरी परतायला थोडेच दिवस उरले होते, तेवढेही त्याला पुरे करू दिले नाहीत. त्याच जीपमधून नेलं. त्यांच्यात असं मधूनच परत पाठवणं म्हणजे केवढी नाचक्की, हे त्यानंच मला मागं कधीतरी सांगितलं होतं. जीप दुकानासमोरून वळली. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. समोर बघत ताठ बसला होता, कान लाल झालेले. मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

ते सुटणं काही टिकलं नाही. पेठेत जीपचा आवाज आला की मी आतल्या खोलीत जायचो. टपालवाला दुकानाकडं वळला की मी माप तसंच टाकून पुढं व्हायचो. तो लिहील, कुणाला तरी लिहील, कुणीतरी येऊन सगळ्यांसमोर वाचून दाखवील — पण काही आलं नाही. कारखान्यात मला जागा मिळाली. लग्न झालं. पुढच्या पावसाळ्यात त्या विहिरीला पाणी आलं.

आणि कौसाबाई बाजारात येऊ लागली. काखेत कुबडी घेऊन, रविवारच्या रविवार. मी दिसलो की थांबायची. पहिल्यांदा थांबली तेव्हा मला वाटलं, हिला कळलं! ती म्हणाली, “भाऊ, त्या पोराला कागुद धाडता का तुमी कवा?”

मी म्हणालो, का?

“लई रडत हुतं वो त्ये. जीपमधी माझं डोकं धरून बसलं हुतं सोलापूरपतुर. त्याला लिवा, कौसाबाईच्या मनात काय न्हाय म्हनावं. चूक मानसाच्या हातनंच व्हते.”

मी म्हणालो, लिहितो.

पुढच्या रविवारी तिनं विचारलं, लिवलं का? मी म्हणालो, लिहिलं. मग पुढं कधीतरी विचारलं, आलं का काय त्याचं? काय म्हणणार होतो मी? म्हणालो, आलं, तो बरा आहे, तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तिचं तोंड असं उजळलं की मी बघू शकलो नाही. त्यानंतर ते सुरूच राहिलं. वर्षानुवर्षं. मी त्याचं लग्न लावलं. त्याला मुलगी झाली. त्याची आई वारली, तेव्हा कौसाबाई भर बाजारात डोळ्याला पदर लावून उभी राहिली. सगळं मी तोंडानं रचलेलं. त्याचा पत्ता माझ्याजवळ होता, बरं का. आजारी पडायच्या आधी त्याच्या जोडीदारानं दोघांचेही पत्ते मला दिले होते. मी एक ओळ लिहिली नाही. लिहिली असती तर त्यानं उत्तर दिलं असतं, म्हणून नाही लिहिली.

तिच्या शेवटच्या दुखण्यात मी वस्तीवर गेलो होतो. भिवा आधीच गेलेला. लेकीनं तिला टेकून बसवलं. म्हातारीला धड दिसत नव्हतं, पण आवाजावरून ओळखलं. विचारलं, “हणमंताचं काय आलंय का?”

खोलीत ती, तिची लेक आणि मी. मी तोंड उघडलं, आणि भीती तशीच, त्या दिवशीइतकीच ताजी होती. ह्या मरायला टेकलेल्या म्हातारीची मला कसली भीती वाटत होती?

“आलंय,” मी म्हणालो. “तो म्हणतो, मावशींनी मला माफ केलं, म्हणून मी जगलो.”

मग तिनं चाचपडत माझं तोंड शोधलं, दोन्ही गालांवरून हात फिरवले आणि बोटं स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा मोडली. म्हणाली, “तुमच्यामुळं वो भाऊ. तुमी मधी हुता म्हनून.”

ती परत हात पुढं करत होती. मी खाली वाकलो, तो नीट पोचावा म्हणून.