पहिली पत्रिका आक्काला

चंद्रप्रकाश धुरी यांनी एकतीस वर्षं अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका नऊमजली इमारतीत लिफ्ट चालवली. त्यामुळे त्यांना मुंबई उभी माहीत होती, आडवी नव्हती. कोण कुठल्या मजल्यावर उतरणार, कोणाचं सकाळी घरी भांडण झालंय, कोणाची नोकरी जाणार, हे त्यांना माणूस आत शिरल्याबरोबर कळायचं. पवईहून भांडुपला कसं जायचं, हे मात्र त्यांना कधी कोणी विचारलं नाही आणि त्यांनाही तो प्रश्न पडला नाही. चारकोपचं घर, स्टेशन, इमारतीचा मागचा दरवाजा, आणि संध्याकाळी हेच उलट. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी बंद जागेत कोणी मागे उभं राहिलं की त्यांचा उजवा हात आपोआप बटणाकडे जायचा.

अशा माणसाला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर चालवायची वेळ आली, ती मुलीच्या लग्नापायी.

अक्षताचं म्हणणं सरळ होतं. पत्रिका फोनवर पाठवा, एका मिनिटात साठ घरं होतील. धुरी म्हणाले, फोनवर बोलावलं तर लोक फोनवरच येतील. पत्रिका घरी जाऊन हातात द्यायची असते. नवरा-बायकोनं जोडीनं जायचं, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली पत्रिका द्यायची, घोटभर चहा घ्यायचा आणि 'आधी येऊन उभं राहायचं हं' असं म्हणून उठायचं. पण लग्नाला तीन आठवडे उरले असताना रत्नप्रभाबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. जोडी तिथेच मोडली. साठ घरं रिक्षानं करायची म्हणजे दिवसभर नकार ऐकत फिरायचं. तेव्हा अक्षतानंच हा मार्ग काढला. स्कूटर पंचविसाच्या वर पळत नाही, लायसन लागत नाही, गर्दीत कुठेही घुसते. तिनं आपल्या नावानं ती दिवसभरासाठी घेतली, हँडलवर वडिलांचा फोन अडकवला आणि सोसायटीच्या मैदानात दोन संध्याकाळी त्यांना गोल गोल फिरवलं. गॅलरीतून बघणाऱ्या बायका हसत होत्या. धुरींनी वर पाहिलं नाही.

साठांतल्या एकोणसाठ घरांची त्यांना फिकीर नव्हती. धास्ती एकाच घराची होती.

आक्का त्यांची थोरली बहीण, त्र्याहत्तर वर्षांची. आई लवकर गेली, वडील गिरणीत तीन पाळ्यांत. चंदूला आंघोळ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं आक्कानं केलं. त्या घराची रीत अशी, की लग्नघराची पहिली पत्रिका देवापुढे, दुसरी गावच्या देवळाला आणि माणसांतली पहिली थोरल्या बहिणीला. मुलीला पहिली हळदही आत्यानंच लावायची. आठ वर्षांपूर्वी मोठ्या मुलाच्या, केतनच्या लग्नात धुरींना रजा मिळेना. त्यांनी आक्काची पत्रिका पुतण्याच्या, निलेशच्या हाती दिली. निलेशला घाई होती, त्यानं ती खाली वॉचमनकडे ठेवली. आक्का लग्नाला आली नाही. भांडली नाही, फोन करून काही बोलली नाही, फक्त आली नाही. तेव्हापासून आठ वर्षं दोन्ही घरांत जे काही झालं ते तिसऱ्याच्या तोंडून कळत होतं, किंवा कळतही नव्हतं.

म्हणून या वेळी पहिली पत्रिका तिला, तिच्या घरात, आपल्या हातानं. ती दिल्याशिवाय दुसरी पत्रिका पिशवीतून बाहेर काढायची नाही, असं धुरींनी बायकोपुढे कबूल केलं होतं. एवढंच की आक्का राहत होती मुलुंडला, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

सकाळी साडेआठला ते निघाले. लिंक रोडवर पंचविसाच्या वेगानं जाणं म्हणजे काय, हे त्यांना मालाडपर्यंत कळून चुकलं. मागून बस भोंगा मारते, टेम्पो भोंगा मारतो, शेवटी सायकलवरचा इडलीवालासुद्धा पुढे निघून जातो आणि जाताना वळून बघतो. स्कूटरला आवाज नव्हता, त्यामुळे रस्ता ओलांडणारे सरळ अंगावर यायचे आणि वर ओरडायचे की हॉर्न दे ना काका. फोनमधली बाई मात्र अखंड बोलत होती. ती म्हणायची डावीकडे वळा, तिथे मेट्रोच्या कामाचा पत्रा असायचा. ओशिवऱ्याला तिनं त्यांना एका नाल्यापाशी नेलं आणि तुम्ही पोहोचलात असं सांगितलं.

जोगेश्वरीहून पवईच्या रस्त्याला लागल्यावर सिग्नलला त्यांना आपली इमारत दिसली. आधी ओळखलीच नाही. पुढून तिला काचा लावल्या होत्या आणि काचांत ढग फिरत होते. एकतीस वर्षं ते तिच्या पोटात वरखाली झाले, आणि तिचा चेहरा असा आहे हे आज, भोंग्यांच्या गर्दीत समजलं. नीट पाहावं म्हणून ते थबकले, तर सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या रिक्षावाल्यानं त्यांच्या वडिलांची चौकशी केली.

पवईच्या चढावर स्कूटरनं मान टाकली. सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी घामासारखी वाहून गेली. धुरी उतरले आणि तिला गुरासारखी ओढत माथ्यावर घेऊन गेले. बदलायची बॅटरी कुठे मिळेल असं फोनला विचारलं, तर घाटकोपरचं ठिकाण दाखवलं. मुलुंड डावीकडे, घाटकोपर उजवीकडे. मुलुंडला जायचं म्हणून त्यांनी मुलुंडकडे पाठ फिरवली.

घाटकोपरला पेट्रोलपंपाच्या कडेला बॅटऱ्यांचं कपाट होतं. जुनी बॅटरी काढून आत सरकवायची की दुसरं दार उघडतं, असं लिहिलं होतं. दार उघडलं नाही. दहा-अकरा किलोचं ते धूड पोटाशी धरून धुरी उभे असताना मागून हाक आली. निलेश. त्याचं ऑफिस पंपाच्या मागेच होतं हे ते विसरले होते.

"काका, तुम्ही आणि स्कूटर? वाट लागली घाटकोपरची."

निलेशनं दोन मिनिटांत दार उघडून दिलं, हे खरं. तेवढ्यात त्याची नजर पायाशी ठेवलेल्या पिशवीवर गेली. अक्षताची पत्रिका ना, द्या आमची, उगाच घरी कशाला हेलपाटा, असं तो म्हणाला. धुरींनी स्पष्ट सांगितलं की आज कोणालाही नाही, आधी आक्का. निलेश म्हणाला बरोबर आहे, मागच्या वेळी माझ्यामुळेच घोळ झाला होता. धुरी वाकून नवी बॅटरी सीटखाली बसवत होते. निलेशनं पिशवीतली एक पत्रिका उचलली, नवऱ्यामुलाचं नाव वाचलं, छान आहे म्हणाला आणि होती तशी परत ठेवली. धुरींना वाटलं, पोरगा सुधारला.

विक्रोळी मागे पडली आणि हँडलवरचा फोन थरथरू लागला. नकाशावर अंगठे, फुलं आणि जोडलेले हात येऊन पडू लागले. अभिनंदन काका. झकास पत्रिका. तारीख राखून ठेवली. भांडुपला कडेला थांबून त्यांनी चष्मा लावला तेव्हा उलगडा झाला. निलेशनं पत्रिकेचा फोटो घराण्याच्या ग्रुपवर टाकला होता. चाळीस माणसांचा ग्रुप. त्यात आक्काही होती, तिच्या नातवानं तिला घातलं होतं. फोटो आल्याला पाऊण तास झाला होता.

त्यांनी निलेशला फोन लावला. तो म्हणाला, काका, चिल करा ना, आता तुमचं काम हलकं झालं. धुरींना एक अस्सल मालवणी शिवी आठवली, पण ती आईवरून होती आणि निलेशची आई बिचारी चांगली होती. त्यांनी फोन ठेवला.

दीड वाजता ते मुलुंड पूर्वेला टोलनाक्यापाशी पोहोचले. या नाक्याच्या पलीकडेही मुंबईचा एक तुकडा आहे, विसरून राहिल्यासारखा. आक्काची इमारत तिथे, नाक्यापासून चालत आठ मिनिटांवर. धुरी नाका ओलांडून गेले आणि स्कूटर हळूहळू मंदावत रस्त्याच्या कडेला थांबली. दिवे लुकलुकले, भोंगा आपला आपण वाजू लागला आणि फोनमधली बाई हिंदीत म्हणाली की आपण सेवा क्षेत्राच्या बाहेर आहात.

त्यांनी कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की सर, आपण मुंबईच्या बाहेर गेला आहात. धुरी म्हणाले मी मुंबईतच आहे. ती म्हणाली नकाशात तसं दिसत नाही. धुरी म्हणाले, बाई, इथल्या लोकांना पाणी महापालिका देते, मत ते मुंबईत देतात. ती म्हणाली, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. गाडी ढकलत परत नाक्याच्या आत न्या, मग बंद होईल.

भोंग्यानं माणसं जमली. त्या माणसांतच, हातात भाजीची पिशवी धरून, आक्का उभी होती. आठ वर्षांत ती लहान झाली होती, वाळवणासारखी आक्रसली होती. बघत होती, पुढे येत नव्हती.

धुरींना काय सुचलं कोण जाणे. भोंगा वाजतोय, उन्हानं डोकं भणाणलंय, मनात एकच की आता उशीर नको. त्यांनी पिशवीतून वरची पत्रिका काढली आणि तिथेच दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

आक्कानं हात पुढे केला नाही.

"रस्त्यार देतंस? भीक घालतंस की पत्रिका देतंस? आणि ती तर माझ्या फोनवर इली आधीच. मागच्या वेळी वॉचमन होतो, आता फोन."

धुरींनी सांगायचा प्रयत्न केला की निलेशनं परस्पर फोटो टाकला, मी दिली नाही. निलेशचं नाव ऐकून तिचा चेहरा आणखी बंद झाला. तरी ती निघून गेली नाही. आधी हे बोंबलणारं बंद कर, असं म्हणाली आणि गाडी नाक्याकडे ढकलत नेणाऱ्या भावाच्या मागून भाजीची पिशवी घेऊन चालू लागली. नाक्याच्या आत, पुलाखाली भोंगा थांबला. गाडी तिथेच सोडून भाडं संपवायचं म्हटलं, तर फोननं उभ्या गाडीचा फोटो मागितला. धुरींनी काढला, फोननं नाकारला, फोटोत माणूस आहे म्हणून. आक्का बाजूला झाली. पुन्हा नाकारला, आता तिची सावली होती. तिसऱ्या वेळी ती कठड्याआड जाऊन उभी राहिली आणि तिथून विचारलं, आता तरी मी दिसत नाय मां?

घरात तिनं पाणी दिलं. पंखा लावला. चहा टाकला. धुरींनी चेहरा धुतला, शर्टाची बटणं नीट लावली, पत्रिकेचे कोपरे सरळ केले आणि ती वाकून तिच्यापुढे धरली. आता घर होतं, हात होते, चहा होता. काही राहिलं नव्हतं.

आक्कानं त्यांच्या मागे दाराकडे पाहिलं. मग म्हणाली की एकट्याची पत्रिका घेत नाहीत. बायकोला यायला जड झालं असेल तर राहू दे. ज्या दिवशी जोडीनं याल त्या दिवशी घेईन.

इथे धुरींचं सकाळपासून आवळून धरलेलं सगळं सुटलं. ते ओरडले नाहीत, ओरडणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. खाली बघून, एकाच पट्टीत बोलत गेले. ती येणार कशी? प्लास्टर आहे गुडघ्यापर्यंत. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. मला चढावर गाडी ओढावी लागली, मला रस्त्यात रिक्षावाल्यांनी शिव्या घातल्या, तू सांगतेस जोडीनं ये. मग लग्नात तू नसणार. सांग ना तसं सरळ, म्हणजे मी अक्षताला सांगतो की तुझी आत्या मेली.

चहा उतू गेला. आक्का गॅस बंद करायला उठली नाही.

"पाय मोडलो तिचो?" ती म्हणाली. "कधी?"

"नऊ दिवस झाले."

"आणि माका कोणी सांगूक नाय."

सांगणारं कोण उरलं होतं?

तिनं गॅस बंद केला. उरलेला अर्धा कप त्यांच्यापुढे ठेवला. मग आत गेली. आतून कपाटाचं दार, डब्यांची झाकणं, पुटपुटणं ऐकू येत राहिलं. त्यात निलेश होता, मोरी होती, बाथरूमला गुळगुळीत लाद्या लावणारे होते. बाहेर आली ती चांगलं लुगडं नेसून, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्यात तीळतेलाची बाटली. पत्रिका टेबलावर होती तिथेच तिनं राहू दिली, मग विचार बदलून उचलून भावाच्या पिशवीत इतरांबरोबर ठेवली.

ही घेतलेली नाही, असं तिनं बजावलं. जोडी येऊ शकत नसेल तर मी जोडीकडे येते. चारकोपला तुम्ही दोघं मला द्याल, मग मी घेईन. प्लास्टर निघेपर्यंत राहीनही, कारण लग्नघरात अंथरुणाला खिळलेली बाई आणि फोन बघत बसलेली पोरगी, यांच्या भरवशावर काही होत नसतं.

धुरी म्हणाले, आक्का, पत्रिका माझ्या घरीच घेणार असशील तर मी इथवर आलो कशाला?

"बोलवायला," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.

चारकोप म्हटल्यावर चार रिक्षावाल्यांनी मान हलवली. पाचव्याला आक्कानं विचारलंच नाही, ती सरळ आत जाऊन बसली. पत्रिकांची पिशवी तिनं मांडीवर घेतली. रिक्षा भांडुपला आली. इथे तीन घरं होती, तीनही रस्त्याला लागून. धुरींनी घसा साफ केला. आता वाटेतच आहोत, तर या तीन पटकन देऊन टाकू का, असं विचारलं.

आक्कानं पिशवीचे बंद हातात घट्ट धरले.

"आधी माझी."

तीन घरं गेली. पुढे कांजूर, मग पवईला मावसभावाचं घर, गॅलरीत तो स्वतः उभा असलेला दिसला. रिक्षा त्याच्याखालून गेली. धुरी काही बोलले नाहीत. बोलले असते तर ती उतरली असती.