नकाशातला पाईप

गजभिये बाई गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. बातमीखाली पहिले जोडलेले हात आमच्या संस्थेच्या सचिवांचे होते. ते पाहून मला रडू आलं नाही, संताप आला. काही आठवडे उलटले, तो उतरलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

बाई सातवीला विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. पूर्व नागपुरातली आमची शाळा, मागच्या भिंतीला लागून नाला. पर्यावरणाची सेवा म्हणजे दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप आणि त्याच रांगेत नवा फोटो, एवढीच आमची समजूत. बाईंना त्याची चीड होती. गोड स्वभावाच्या त्या नव्हत्याच. स्टाफरूममध्ये माझ्याशीही कडाकडा भांडायच्या. एका वर्षी त्यांनी मुलांना हातमोजे घालून नाल्याकाठी नेलं. काठावरचं प्लास्टिक उचलायचं, बाटल्यांत पाणी भरायचं, वर्गात आणून तपासायचं. शाळेच्या वरच्या अंगाला पाणी बरं, खालच्या अंगाला घाण. असं का, ते तुम्हीच शोधा, म्हणाल्या. मुलं काठाकाठानं चालत गेली आणि त्यांना आमच्याच संडासांचा पाईप सापडला.

विज्ञान प्रदर्शनात मुलांनी नाल्याचा नकाशा मांडला, त्यात तो पाईप लाल रंगात. सचिवांनी तो पुसायला सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "नकाशातला पुसते ना. पहिले भिंतीतला बंद करा."

मग पालकसभा बोलावली गेली. एक गृहस्थ उठून म्हणाले, आमची पोरं कचरा उचलायला शाळेत येत नाहीत, त्या कामाची माणसं वेगळी असतात. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं... "कोणती माणसं? नाव घेऊन सांगा." सभेत प्रत्येकाला बाईंचं आडनाव ठाऊक होतं. मुख्याध्यापक पंख्याकडे बघत राहिले.

शेवटी मुलांनीच महापालिकेत तक्रार दिली, माणसं येऊन पाहून गेली, आणि शाळेला तो पाईप गटारलाइनला जोडावा लागला. पुढच्याच जूनमध्ये बाईंचं विज्ञान काढून त्यांना पहिलीवर टाकलं. तुम्ही भांडत काहून नाही, असं मी विचारलं. "पाईप तं बंद झाला ना वं," त्या म्हणाल्या. "मले आणखी काय पाहिजे?" पण प्रयोगशाळेवरून जाताना त्या मान वळवून घ्यायच्या, हे मी पाहिलं आहे. पुढं आजारपण आलं, आणि पहिलीवरूनच त्या गेल्या.

शोकसभेत सचिवांनी त्यांना शाळेच्या हरित परंपरेच्या शिल्पकार म्हटलं. बॅनरवर नाल्याकाठच्या मुलांचा फोटो होता, पाईप कापून छापलेला. मी उठले आणि म्हणाले, बाईंचं विज्ञान कुणी काढून घेतलं, तेही सांगा.

"आजचा दिवस त्यासाठी नाही."

"मग कोणता?"

त्यांनी लगेच मौन जाहीर केलं.

परवा बाईंच्या पहिलीच्या वर्गावर बदली तास होता. डब्याआधी मुलं नळावर हात धुवायला गेली. धुऊन झाले तरी हलेनात. सगळी वाकून मोरीच्या जाळीत बघत बसली. काय चाललंय, म्हणून मी दटावलं. एक चिमुरडी मानही वर न करता म्हणाली, "पाणी कुठी जाते ते पाहून राहिलो."